आतडं कुणाच्या सांगण्यावरून हलतं? पोटातल्या नसा आणि पेसमेकर पेशी

सूक्ष्मदर्शी

शरीराबाहेर काढलेला आतड्याचा तुकडा कोमट क्षारद्रावणात ठेवला, त्याला ऑक्सिजन मिळत राहील अशी सोय केली आणि आत द्रव भरून तो थोडा ताणला, तर तो हलायला लागतो. नुसता थरथरत नाही. तोंडाकडच्या टोकाला आवळतो आणि ती आवळण गुदद्वाराच्या दिशेने सरकत जाते. पॉल ट्रेंडेलेनबुर्ग या जर्मन औषधशास्त्रज्ञाने १९१७ मध्ये गिनीपिगच्या आतड्यावर हे पद्धतशीर मोजून दाखवलं. मेंदू नाही, मज्जारज्जू नाही, रक्तपुरवठा नाही, तरी दिशा चुकत नाही. पायाचा स्नायू असा बाहेर काढून ठेवला तर बाहेरून विजेचा झटका दिल्याशिवाय तो हलणार नाही.

शरीरक्रियाशास्त्रात हा विषय घाईघाईने उरकला जातो, असं मला नेहमी वाटतं. हृदयाच्या पेसमेकरवर प्रकरणंच्या प्रकरणं असतात, आतड्याच्या वाट्याला एखादी आकृती येते. खरं तर आतड्याचा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा आहे. हृदयाला एकच काम एकाच पद्धतीने करायचं असतं. आतड्याला कधी घुसळायचं, कधी पुढे ढकलायचं, कधी रिकामं असताना झाडून काढायचं, कधी गप्प बसायचं, हे सगळं जागच्या जागी ठरवावं लागतं.

रचनेपासून सुरुवात करतो. आतड्याच्या भिंतीत अनैच्छिक स्नायूंचे दोन मुख्य थर असतात. आतला थर नळीभोवती गोल फिरतो, बाहेरचा नळीच्या लांबीने जातो. दोन थरांच्या मधल्या फटीत चेतापेशींचं जाळं पसरलेलं आहे. लिओपोल्ड आउअरबाख यांनी एकोणिसाव्या शतकात ते दाखवून दिलं, म्हणून ते आउअरबाखचं जाळं. आतल्या अस्तराखाली दुसरं जाळं आहे, ते गेओर्ग माइसनर यांच्या नावाने ओळखलं जातं. पहिलं मुख्यतः हालचालीचं काम बघतं, दुसरं पाझर, शोषण आणि अस्तराचा रक्तप्रवाह. दोन्ही मिळून किती चेतापेशी, याचे अंदाज साधारण १० कोटींपासून ६० कोटींपर्यंत दिले जातात. म्हणजे मज्जारज्जूच्या बरोबरीला बसवावी एवढी ही संख्या आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन लँग्ली यांनी १९२१ मध्ये स्वायत्त चेतासंस्थेचे (आपल्या इच्छेविना अवयव चालवणाऱ्या नसांचे) तीन भाग मानले, त्यात आतड्याच्या या जाळ्याला सिंपथेटिक (धावपळीच्या वेळच्या) आणि पॅरासिंपथेटिक (विश्रांतीच्या वेळच्या) नसांच्या रांगेत तिसरं स्वतंत्र स्थान दिलं.

त्याच फटीत, चेतापेशींना खेटून, आणखी एका जातीच्या पेशी असतात. लांबट, फांद्या फुटलेल्या, एकमेकींना हात लावून बसलेल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सांतियागो रामोन इ काहाल यांनी मेथिलीन ब्लू आणि चांदीच्या क्षारांनी रंगवून त्या पाहिल्या आणि त्या साध्या प्रकारच्या चेतापेशीच आहेत असं मानलं. नाव त्यांचंच राहिलं, काहालच्या अंतरालीय पेशी. इथे मी सुटसुटीतपणासाठी काहाल पेशी म्हणतो. पण त्या चेतापेशी नाहीत. भ्रूणात चेतापेशी ज्या पेशीसमूहातून निघून आतड्यात स्थलांतर करतात त्यातून या येत नाहीत. त्या मध्यस्तरातून, म्हणजे स्नायूंच्याच कुळातून घडतात.

त्यांचं काम काय, हे कितीतरी दशकं धूसर होतं. डेन्मार्कच्या लार्स थुनेबर्ग यांनी १९८२ मध्ये मांडलं की आतड्याचे पेसमेकर याच असाव्यात. पुरावा मिळाला तो वेगळ्याच वाटेने. या पेशींच्या पृष्ठभागावर किट नावाचं प्रथिन असतं आणि त्याच्याशिवाय त्या टिकत नाहीत. जपानी संशोधकांनी १९९२ मध्ये नवजात उंदरांना हे प्रथिन अडवणारी प्रतिपिंडं दिली, तर उंदरांच्या आतड्याची हालचालच बिघडली. १९९५ मध्ये किटचं जनुक सदोष असलेल्या उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. (याच जनुकाची रंगपेशींनाही गरज असते, त्यामुळे असे उंदीर अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्यांवरून ओळखू येतात.) त्यांच्या लहान आतड्यात आउअरबाखच्या जाळ्यालगतच्या काहाल पेशी नव्हत्या. स्नायू होते, नसा होत्या, पण आतड्याची ती संथ विद्युत लय नव्हती. मला हा प्रयोग अतिशय देखणा वाटतो. एक पेशी वजा केली आणि एकच गोष्ट गेली.

ही लय तयार होते कशी? पेशीच्या आतल्या साठ्यातून कॅल्शियमचे छोटे फवारे सुटतात. त्या कॅल्शियममुळे पेशीच्या आवरणातल्या अ‍ॅनो-१ नावाच्या क्लोराइड वाहिन्या उघडतात. ऋणभारित क्लोराइड बाहेर पडतो, त्यामुळे पेशीच्या आतला ऋणभार कमी होतो. तेवढ्याने विद्युतदाबाला प्रतिसाद देणाऱ्या कॅल्शियम वाहिन्या उघडतात आणि शेजारच्या पेशींतही हेच घडतं. मग कॅल्शियम पुन्हा साठ्यात ओढला जातो, सगळं शांत होतं, आणि पुन्हा पहिल्यापासून. पेशींमधल्या छिद्रसांध्यांतून हा चढउतार स्नायूपेशींपर्यंत झिरपतो. याला स्लो वेव्ह म्हणतात. माणसाच्या जठरात ती मिनिटाला सुमारे ३ वेळा येते, ड्युओडेनममध्ये (जठरानंतर लगेच येणाऱ्या लहान आतड्याच्या पहिल्या भागात) ११ ते १२ वेळा, लहान आतड्याच्या शेवटाकडे ८ ते ९ वेळा. मोठ्या आतड्यात ती इतकी नियमित नसते.

नसांबद्दल अजून काहीच लिहिलं नाही, पण इथेच पुष्कळ लांबलंय. प्रश्न विचारा, त्या ओघात पुढचं येईल.

रानवारा

फार छान. वाचतोय. परीक्षेला एवढंच पाठ केलं होतं की जठरात तीन, ड्युओडेनममध्ये बारा. हे आकडे येतात कुठून हे आज कळलं.

मोरपंख

मी या क्षेत्रातली नाही, त्यामुळे प्रश्न कदाचित प्राथमिक असेल. जठरात मिनिटाला तीन लाटा अहोरात्र येत असतील, तर जठर अहोरात्र आवळत का नाही? आणि दुसरं, जेवण होऊन बराच वेळ झाला की पोटात गुरगुरतं, ते या लाटांमुळेच का?

सूक्ष्मदर्शी

@मोरपंख, तुमचा पहिला प्रश्न प्राथमिक नाही, सगळ्या विषयाचा गाभाच तो आहे.

स्लो वेव्ह म्हणजे आकुंचन नव्हे. ती स्नायूपेशीचा विद्युतदाब थोडा वर उचलते आणि खाली आणते. स्नायूला आवळायला त्याच्या स्वतःच्या कॅल्शियम वाहिन्या पुरेशा उघडाव्या लागतात, आणि त्या एका ठरावीक उंबरठ्याच्या वर गेल्यावरच पुरेशा उघडतात. नुसती लाट बऱ्याचदा त्या उंबरठ्याच्या खालीच राहते. नसांमधून अ‍ॅसिटिलकोलीन हे स्नायूला चेतवणारं रसायन आलं, किंवा भिंत ताणली गेली, तर सगळी पातळीच वर सरकते आणि मग लाटेचा माथा उंबरठा ओलांडतो. नसांकडून नायट्रिक ऑक्साइड येत असेल तर पातळी खाली राहते आणि लाट येऊन नुसती निघून जाते. काहाल पेशी ठेका धरून ठेवतात. त्यावर गायचं की नाही, आणि किती मोठ्याने, हे नसा ठरवतात. म्हणून जठर कधीच मिनिटाला दहा वेळा आवळू शकत नाही, पण तासन्‌तास एकदाही न आवळणं त्याला जमतं.

आता दिशेकडे येतो. विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १८९९ मध्ये कुत्र्याच्या आतड्यावर दाखवलं की आतड्यात एका जागी दाब दिला तर त्या जागेच्या वरचा भाग आवळतो आणि खालचा भाग सैल पडतो. बाहेरून येणाऱ्या नसा तोडल्या तरी हे होतं. त्यांनी याला आतड्याचा नियम म्हटलं. यामागची जोडणी आज बऱ्यापैकी ठाऊक आहे. आतड्याच्या भिंतीतच संवेदी चेतापेशी आहेत, त्यांना ताण आणि अस्तरातले रासायनिक संदेश कळतात. त्या मधल्या चेतापेशींना खबर देतात. वरच्या दिशेने जाणारी साखळी स्नायूवर अ‍ॅसिटिलकोलीन आणि सबस्टन्स पी सोडते, तिथे आवळण होते. खालच्या दिशेने जाणारी साखळी नायट्रिक ऑक्साइड, व्हीआयपी नावाचं पेप्टाइड आणि एटीपीच्या जातीची रसायनं सोडते, तिथे स्नायू सैलावतो. घास खाली सरकला की ताणाची जागा सरकते आणि तेच चक्र एक पायरी खाली सुरू होतं. यालाच पेरिस्टाल्सिस म्हणतात.

इथे एक गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. आतड्यातल्या नसांचं मोठं काम हलवण्याचं नसून थोपवून धरण्याचं आहे. टेट्रोडोटॉक्सिन हे फुगू माशातलं विष चेतापेशींचे संदेश बंद पाडतं. ते आतड्याच्या तुकड्यावर टाकलं की पेरिस्टाल्सिस थांबतं, पण स्लो वेव्ह तशाच चालू राहतात. आणि कित्येक प्राण्यांच्या आतड्यात स्नायू गप्प होण्याऐवजी जवळजवळ प्रत्येक लाटेवर आवळू लागतो, कारण त्याला थोपवून धरणारी नसांची सततची पकड सुटलेली असते. हालचाल वाढते आणि उपयोगाची हालचाल संपते.

गुरगुरण्याचं उत्तर इथले डॉक्टर जास्त चांगलं देतील. घनगर्द, आहात का?

घनगर्द

आहे, वाचतोय. सर्जरीत असल्यामुळे आतड्याशी रोजचा संबंध आहे.

@मोरपंख, उपाशीपोटीचं गुरगुरणं हे एका वेगळ्या कार्यक्रमाचा भाग आहे. जठर आणि लहान आतडं रिकामं झालं की साधारण दर ९० ते १२० मिनिटांनी एक चक्र चालतं. आधी बराच वेळ शांतता, मग तुरळक आवळणी, मग काही मिनिटं जोरकस, नियमित आवळणी. या शेवटच्या टप्प्यात प्रत्येक स्लो वेव्हवर आकुंचन येतं, म्हणजे तोपर्यंत नुसतीच येऊन जाणारी लय त्या काही मिनिटांत पूर्ण वापरली जाते. ही जोरकस पट्टी जठरापासून लहान आतड्याच्या शेवटापर्यंत हळूहळू सरकते. न पचलेले कण, मेलेल्या पेशी, जीवाणू, सगळं पुढे झाडून नेते. आत हवा आणि द्रव असल्यामुळे आवाज होतो. जोसेफ झुर्शेव्स्की यांनी १९६९ मध्ये कुत्र्यांमध्ये या सरकत्या चक्राची विद्युत नोंद केली. जठरातून ते सुरू व्हायला मोटिलिन हे संप्रेरक लागतं. एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक मोटिलिनच्याच ग्राहींवर (त्याचा संदेश ओळखणाऱ्या प्रथिनांवर) काम करतं, त्यामुळे ते घेतल्यावर अनेकांना पोटात कळा येतात. त्याच गुणाचा उपयोग आम्ही रिकामं न होणारं जठर हलवायला करतो.

जेवलात की हे चक्र बंद. मग लहान आतड्यात बराच वेळ घुसळण चालते. जागोजागी आवळायचं, सोडायचं, मधल्या जागी आवळायचं. वॉल्टर कॅनन यांनी बिस्मथ मिसळलेलं अन्न मांजरांना देऊन क्ष-किरणांत हे पाहिलं, १९०२ मध्ये लिहून ठेवलं. क्ष-किरणांचा शोध लागून तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती.

वाटसरू

मी इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस. ड्युओडेनममध्ये १२ आणि शेवटाकडे ८, हा उतार वाचून थांबलो. प्रत्येक पेशी स्वतःच्या वारंवारितेने आंदोलन करते आणि शेजारणीशी विद्युत जोडणी आहे, म्हणजे ही जोडलेल्या आंदोलकांची लांब साखळीच झाली. अशा साखळीत वेगवान आंदोलक संथ आंदोलकाला आपल्या मागे ओढतो. वरचं टोक वेगवान असेल तर लाट आपोआप वरून खाली जाणार. म्हणजे दिशेचा काही वाटा नसांशिवायही मिळतो?

आणि ओढण्याला मर्यादा असते. नैसर्गिक वारंवारितांमधला फरक फार झाला की पाठलाग तुटतो, आणि तिथून पुढे कमी वारंवारितेचा नवा गट सुरू होतो. आतड्यात असं दिसतं का? दिसत असेल तर वारंवारिता सलग घसरण्याऐवजी पायऱ्या-पायऱ्यांनी उतरायला हवी.

सूक्ष्मदर्शी

@वाटसरू, दिसतं, आणि अगदी तुम्ही म्हणता तसंच. मांजराच्या आतड्यात सलग लांबीवर एकच वारंवारिता, मग एकदम खालची पायरी, मग पुन्हा सलग लांबी, अशा नोंदी १९६० च्या दशकातच झाल्या. याहून बोलका प्रयोग म्हणजे आतडं आडवं कापणं. कापाच्या खालच्या भागाची वारंवारिता लगेच घसरते, कारण त्याला वर ओढणारा वेगवान शेजारी तुटला. स्वतःच्या मूळ गतीवर तो परत येतो.

जठरातही हेच तत्त्व. तिथला सर्वात वेगवान भाग मोठ्या वक्रतेवर, म्हणजे जठराच्या बाहेरच्या फुगीर कडेवर, वरच्या बाजूला आहे. तिथून उठलेली लाट खाली पायलोरसकडे, म्हणजे जठराच्या बाहेर पडण्याच्या दाराकडे, जाते. जठराच्या घुमटाकार वरच्या भागात मात्र स्लो वेव्ह नसतात. तो भाग आवळण्यासाठी नाहीच. अन्न आलं की सैल पडून जागा करून द्यायची, हे त्याचं काम, आणि ते मेंदू आणि पोट यांना जोडणाऱ्या व्हेगस नसेतून येणाऱ्या सैलावणाऱ्या आदेशांवर चालतं.

तुमच्या पहिल्या प्रश्नावर: हो, लाटेची दिशा काही प्रमाणात नसांशिवाय मिळते. पण नसांशिवायच्या लाटांनी होणारी आवळण उथळ असते. भरलेलं आतडं खरोखर रिकामं करणारी खोल, लांब पल्ल्याची ढकल नसांच्या जोडणीशिवाय होत नाही.

अक्षरवेल

हा धागा वाचताना मधेच थांबले, कारण यातलं एक आमच्या घरात घडलं आहे. आमच्या मुलाला जन्मानंतर दोन दिवस शी झाली नाही, पोट फुगलं, हिरवी उलटी झाली. तपासणीत हर्शस्प्रुंगचा आजार निघाला. ऑपरेशन झालं, आता तो छान आहे, शाळेत जातो. तेव्हा आम्हाला सांगितलं होतं की आतड्याच्या शेवटच्या भागात नसा तयार झाल्या नाहीत. मी कायम असं समजत होते की नसा नाहीत म्हणजे तो भाग लुळा पडला, म्हणून तिथे साठून फुगलं. पण वर लिहिलंय त्यावरून उलटंच वाटतंय. कुणी समजावेल का?

घनगर्द

@अक्षरवेल, मुलगा बरा आहे हे वाचून फार आनंद झाला. तुमची शंका अगदी बरोबर जागी आहे.

फुगलेला भाग निरोगी असतो. आजारी भाग त्याच्या खालचा, अरुंद दिसणारा. तिथे आउअरबाखच्या आणि माइसनरच्या जाळ्यातल्या चेतापेशी नसतात, त्यामुळे स्नायूला सैल हो म्हणणारं कुणी नाही. तो आवळूनच राहतो, आणि वरचं निरोगी आतडं त्या बंद दारावर ढकलत राहून ताणलं जातं. हाराल्ड हर्शस्प्रुंग यांनी १८८६ मध्ये अशी बाळं वर्णन केली तेव्हा लक्ष फुगलेल्या भागाकडेच गेलं होतं, आणि पुढची कितीतरी वर्षं शस्त्रक्रियाही त्याच भागावर होत राहिल्या. खालचा अरुंद तुकडा काढून निरोगी आतडं खाली जोडायची शस्त्रक्रिया ऑर्व्हर स्वेन्सन यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा ही मुलं खऱ्या अर्थाने बरी होऊ लागली. तुमच्या मुलाची शस्त्रक्रिया याच तत्त्वावर झाली असणार.

नसा तिथे का नसतात? भ्रूणात या चेतापेशींच्या पूर्वज पेशी आतड्याच्या वरच्या टोकाकडून खाली चालत येतात. मधेच थांबल्या तर शेवटचा भाग रिकामा राहतो, म्हणून आजार नेहमी गुदद्वाराकडून वर मोजला जातो. रेट या जनुकातले दोष हे त्याचं सर्वात माहीत असलेलं कारण. सुमारे ५,००० जन्मांत एक बाळ. नवजात बाळाची पहिली शी ४८ तासांत झाली नाही तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं, हे वाचणाऱ्या प्रत्येक आईवडिलांनी लक्षात ठेवावं. हिरवी उलटी झाली तर तेवढीही वाट न बघता ताबडतोब.

अक्षरवेल

मनापासून आभार. त्या वेळी कुणी एवढं समजावलं असतं तरी विचारण्याच्या मनःस्थितीत आम्ही नव्हतो. आज समजलं.

रानवारा

अ‍ॅकलेजिया या गिळायला त्रास होणाऱ्या आजारात हेच अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला होतं ना? आम्हाला शिकवलं की तिथल्या सैल करणाऱ्या चेतापेशी मरतात आणि झडप उघडत नाही.

घनगर्द

हो. फरक एवढाच की तिथे चेतापेशी जन्मतः असतात आणि नंतर जातात. मुख्यतः नायट्रिक ऑक्साइड सोडणाऱ्या आधी जातात. लॅटिन अमेरिकेतल्या चागास आजारात परजीवीच्या संसर्गामुळे ही जाळी नष्ट होते आणि अगदी असंच चित्र दिसतं. नसा परत आणता येत नाहीत, म्हणून उपचार स्नायूवर करावा लागतो: फुग्याने ताणणं किंवा तो कापून सैल करणं.

मोरपंख

मग मेंदूचा यात काही संबंधच नाही का? काळजी वाटली की पोट बिघडतं, हा तर प्रत्येकाचा अनुभव आहे.

सूक्ष्मदर्शी

संबंध आहे, पण जागोजागी कमीजास्त. अन्ननलिकेचा वरचा भाग ऐच्छिक स्नायूंसारख्या पट्टेदार स्नायूंचा आहे, तो मेंदूकडून येणाऱ्या व्हेगसच्या आदेशाशिवाय हलतच नाही. दुसऱ्या टोकाला गुदद्वाराचा बाहेरचा स्नायूही आपल्या ताब्यात असतो. दोन्ही टोकांना मेंदूची पकड घट्ट, मधे सैल. जठराला व्हेगस बऱ्यापैकी लागते. अल्सरसाठी पूर्वी व्हेगस कापत तेव्हा जठर नीट रिकामं होईना, म्हणून पायलोरस रुंद करण्याची जोडशस्त्रक्रिया करावी लागे. लहान आतड्याचं मात्र त्यामुळे फारसं अडलं नाही.

आणि व्हेगसमधल्या सुमारे ८० टक्के तंतूंमधून संदेश पोटाकडून मेंदूकडे जातो, मेंदूकडून पोटाकडे नव्हे. काळजीच्या वेळी सिंपथेटिक नसा बहुतेक करून आतड्यातल्या चेतापेशींनाच गप्प करतात, थेट स्नायूला नाही. मेंदू असा आतड्याच्या जाळ्यामार्फत बोलतो. जठर थंडावतं आणि त्याच वेळी मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, हा तणावातला अनुभव अनेकांना असतो.

पाणकळा

लेख आवडला, पण एक गोष्ट सुटली असं वाटतं. शरीरातलं ९० टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन (पेशींमध्ये संदेश नेणारं एक रसायन) आतड्यात असतं. अस्तरातल्या विशिष्ट पेशी ताण कळला की सेरोटोनिन सोडतात आणि त्यानेच पेरिस्टाल्सिस सुरू होतं, असं मी सगळीकडे वाचलं आहे. तुम्ही त्याचा उल्लेख "रासायनिक संदेश" एवढाच केलात.

सूक्ष्मदर्शी

@पाणकळा, मुद्दामच तेवढा केला, कारण इथे पाठ्यपुस्तकातली गोष्ट प्रयोगांपुढे पूर्ण टिकलेली नाही. अस्तरातल्या त्या पेशी सेरोटोनिन सोडतात, त्यांना दाब कळतो, हे पक्कं आहे. पण अस्तर संपूर्ण सोलून काढलेल्या गिनीपिगच्या आणि उंदराच्या आतड्यातही चेतापेशींनी चालवलेली हालचाल सुरू राहते. अस्तरातलं सेरोटोनिन बनवणारं जनुक बंद केलेल्या उंदरांत आतड्याची गती फारशी बदलली नाही. उलट चेतापेशींमध्ये सेरोटोनिन बनवणारं वेगळं जनुक आहे, ते बंद केल्यावर गती मंदावली. त्या दुसऱ्या सेरोटोनिनचं प्रमाण पहिल्याच्या मानाने अगदी नगण्य असतं.

म्हणून मी असं म्हणेन की अस्तरातलं सेरोटोनिन हालचालीला जोर देऊ शकतं, पण ती सुरू करण्यासाठी अनिवार्य नाही. ताण थेट चेतापेशींनाच कळतो.

पाणकळा

हे मला नवीन आहे. पण मग प्रुकालोप्राइडसारखी सेरोटोनिनच्या ग्राहींवरची औषधं बद्धकोष्ठतेत काम कशी करतात? ग्राही महत्त्वाचे नसते तर औषध चाललं नसतं.

सूक्ष्मदर्शी

ग्राही महत्त्वाचे आहेतच. ते चेतापेशींच्या टोकांवरही असतात, तिथे ते चेतले की अ‍ॅसिटिलकोलीन जास्त सुटतं. बटण दाबल्यावर परिणाम होतो, यावरून एरवी ते बटण नेमकं कोण दाबतं हे ठरत नाही. तुमचा आक्षेप योग्य आहे, आणि या प्रश्नावर संशोधकांतही दोन बाजू आहेत. मी मांडली ती मला जास्त पटलेली.

वाटसरू

ऑपरेशननंतर डॉक्टर "गॅस पास झाला का?" असं रोज विचारतात. तो प्रश्न याच यंत्रणेबद्दल असतो का? कापलं पोटाचं कातडं, आतड्याला हातही लावला नसेल, तरी ते बंद का पडतं?

घनगर्द

याच यंत्रणेबद्दल. पोट उघडून आतडी हाताळली की सुरुवातीला मज्जारज्जूमार्गे सिंपथेटिक नसांचा प्रतिक्षेप येतो आणि आतडं थांबतं. मग काही तासांनी स्नायूंच्या थरात बसलेल्या भक्षक पेशी जाग्या होतात, सूज येते, नायट्रिक ऑक्साइड वाढतं आणि थांबणं लांबतं. लहान आतडं साधारण एका दिवसात परत येतं, जठर एक-दोन दिवसांत, मोठं आतडं सर्वात शेवटी, दोन-तीन दिवसांनी. गॅस पास होणं म्हणजे शेवटचा भाग जागा झाल्याची खूण. आतड्याला हात न लावताही हे थोडंबहुत होतं, पण हाताळणी जितकी कमी तितका काळ कमी. दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर आतडं लवकर चालू होतं त्याचं हे एक कारण.

मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामकं त्यात भर घालतात. आउअरबाखच्या जाळ्यातल्या चेतापेशींवर त्यांचे ग्राही असतात, तिथे ती अ‍ॅसिटिलकोलीनचं सुटणं दाबतात. जुलाबावरचं लोपेरामाइड याच ग्राहींवर काम करतं, नेहमीच्या मात्रेत मेंदूपर्यंत पोचत नाही एवढंच. रक्त पडत असेल, जोराचा ताप असेल किंवा लहान मूल असेल तर ते स्वतःच्या मनाने घेऊ नका.

रानवारा

काहाल पेशींचा एखादा आजार आहे का, जसा नसांचा हर्शस्प्रुंग?

सूक्ष्मदर्शी

दोन प्रकारे आहे. एक, त्या पेशी अनिर्बंध वाढणं. जठर आणि आतड्याच्या भिंतीतल्या जिस्ट नावाच्या गाठी त्यांच्याच कुळातून निघतात. १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की या गाठींत किट प्रथिन सतत चालू राहील असे बदल झालेले असतात. ज्या प्रथिनाशिवाय पेशी जगत नाहीत, तेच कायम चालू. त्यामुळे किट अडवणारं इमॅटिनिब तिथे लागू पडलं आणि ज्या गाठींवर केमोथेरपीचा जवळजवळ उपयोग नव्हता त्यांचे रुग्ण वर्षानुवर्षं जगू लागले. वर ज्या अ‍ॅनो-१ वाहिनीबद्दल लिहिलं, तीच या गाठी ओळखण्याची पॅथॉलॉजीतली एक मुख्य खूण आहे.

दुसरा प्रकार म्हणजे त्या कमी होणं. मधुमेहात जठर मंद पडतं, जेवण तासन्‌तास तसंच राहतं, मळमळ होते. अशा रुग्णांच्या जठराच्या भिंतीत काहाल पेशी कमी झालेल्या आढळतात. वयानुसारही त्या घटतात. माणसाच्या जठर आणि मोठ्या आतड्याच्या नमुन्यांत दर दहा वर्षांमागे सुमारे १३ टक्के घट मोजली गेली आहे.

मोरपंख

कमी झालेल्या पेशी परत येतात का?

सूक्ष्मदर्शी

उंदरांत येतात, काही परिस्थितीत. लहान आतडं एका जागी अर्धवट आवळून ठेवलं तर अडथळ्याच्या वरच्या भागातल्या काहाल पेशी नाहीशा होतात आणि तिथल्या स्लो वेव्हही जातात. अडथळा काढला की काही आठवड्यांत पेशीही दिसू लागतात आणि लयही परत येते. यावरून वाटतं की त्यातल्या बऱ्याचशा मेलेल्या नसतात, आपलं रूप सोडून स्नायूपेशींसारख्या झालेल्या असतात. किट अडवल्यावरही असंच रूपांतर पाहिलं गेलंय. मधुमेहात गेलेल्या पेशी अशा परत आणता येतील असं औषध आज नाही. तिथे साखर ताब्यात ठेवणं, थोडं-थोडं आणि मऊ खाणं, आणि जठर हलवणारी औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेणं, एवढंच हातात आहे. संशोधन सुरू आहे ते नेमक्या याच प्रश्नावर, की किटचा संदेश पुन्हा वाढवला तर त्या पेशी आपल्या जागी परत उभ्या राहतील का.